क्रूसावरचं गाऱ्हाणं

मालवणच्या किनाऱ्यावर उत्तम शुक्रवार येतो तो ऐन उन्हाच्या तावात. काजूच्या बागेत पडलेल्या बोंडांचा आंबूस वास वाऱ्याबरोबर घरात शिरतो आणि विहिरीत कळशी नेहमीपेक्षा हातभर जास्त खाली सोडावी लागते. पडवीतली फरशीसुद्धा तापलेली असते. अशा दुपारी, तीनच्या सुमाराला, वाडीतली माणसं चर्चची वाट धरतात. बायकांच्या अंगावर दागिना नसतो. आदल्या संध्याकाळपासून घंटा मुक्या झालेल्या असतात. वेळ झाली हे सांगायला एखादा पोरगा लाकडाचा खडखडा वाजवत चर्चच्या आवाराला फेरी मारतो. आत वेदी उघडी, तिच्यावर ना फूल, ना मेणबत्ती, ना पांढरं कापड. पवित्र भाकर ठेवायची पेटी सताड उघडी आणि रिकामी. या दिवशी जगातल्या कुठल्याच कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा होत नाही.

या दिवसाचा नियम असा की उपास करावा आणि मांस वर्ज्य करावं. मासे चालतात. हा नियम दूरच्या, रोज मांस खाणाऱ्या मुलखात ठरला. आमच्याकडे मटण सणासुदीला आणि बांगडा रोजचा. माझ्या आजीला हा नियम कधी पुरेसा वाटला नाही. मटण सोडण्यात काय आहे, ते तर घरात नव्हतंच. म्हणून ती मासे सोडायची, तेही फक्त शुक्रवारी नाही, राखेच्या बुधवारपासून पुढचे सगळे चाळीस दिवस. उत्तम शुक्रवारी उकड्या तांदळाची पेज आणि खारातल्या कैरीची एक फोड, तीही एकदाच. त्याबद्दल ती कुणाला काही सांगायची नाही आणि आम्हाला कुणाला तसं करायला लावायचीही नाही. शेजारच्या घरातून सुंगटाच्या कढीचा वास आला तर ती दार ओढून घ्यायची, एवढंच. त्याग या विषयावर मी पुष्कळ प्रवचनं ऐकली आहेत. त्यातलं बरंचसं विसरले, पण ओढून घेतलेलं ते दार लक्षात आहे.

आमचा धर्मप्रांत नवा आहे. २००५ साली पुण्यापासून वेगळा होऊन सिंधुदुर्ग धर्मप्रांत झाला आणि सावंतवाडीचं मिलाग्रिस चर्च त्याचं मुख्य मंदिर ठरलं. श्रद्धा मात्र या लाल मातीत फार जुनी. आंब्याखाली, पाणंदीच्या तोंडाशी, चिऱ्याचे चुना लावलेले क्रूस उभे आहेत. मे महिन्यात त्यांच्यापुढे लादाईन गातात, उकडलेले चणे वाटतात. मेणबत्ती लावायला येणाऱ्यांत सगळेच ख्रिस्ती नसतात. परीक्षेला निघालेलं पोर, समुद्रावर गेलेल्याची बायको, दोघंही तिथे थांबतात आणि त्यांना तिथे कुणी नाव विचारत नाही.

तर त्या शुक्रवारी योहानाच्या शुभवर्तमानातली दुःखसहनाची कथा वाचली जाते. तिचे भाग वाटून दिलेले असतात. येशूचे शब्द फादर वाचतात, निवेदन दुसरं कुणी वाचतं, पिलाताचे आणि पेत्राचे शब्द तिसरं. जमावाचे शब्द असतात आमचे, बाकावर बसलेल्या सगळ्यांचे. पिलात म्हणतो, पाहा, तुमचा राजा. आणि ज्या गळ्यांनी मागच्या रविवारी माडाच्या कोवळ्या चुडताचे क्रूस हातात धरून जयजयकार केला, त्याच गळ्यांनी आम्हाला ओरडावं लागतं की याला क्रूसावर खिळा. लहानपणी मी तेवढ्यापुरती गप्प बसायचे. मला वाटायचं, मी नाही म्हटलं म्हणजे मी त्यात नाही. आईने एकदा कोपर मारून खुणावलं, म्हण. तेव्हा तिचा राग आला होता. आता मी स्पष्ट, मोठ्याने म्हणते. आपण त्या जमावात नसतोच असं मानून तिथे बसणं मला धोक्याचं वाटतं. ती जागा ज्यांनी कधी स्वतःची मानली नाही, त्यांनी क्रूस हातात घेऊन काय काय केलं ते पुढे येईलच.

क्रूसाची आपल्या डोळ्यांना फार सवय झाली आहे. गळ्यात सोन्याचा, गाडीच्या आरशाला प्लॅस्टिकचा, वहीच्या मुखपृष्ठावर छापलेला. रोमन राज्यात त्या वस्तूचं नावसुद्धा चारचौघांत घेणं असभ्य समजलं जाई. ती शिक्षा गुलामांची, बंडखोरांची, ज्यांचं कुणी नाही अशांची. स्पार्टाकसचं बंड मोडल्यावर, ख्रिस्तपूर्व ७१ मध्ये, कापुआपासून रोमपर्यंतच्या रस्त्याच्या कडेने सहा हजार माणसं अशी टांगली होती. मारणं हा त्यातला अर्धाच हेतू. उरलेला अर्धा म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं.

१९६८ साली जेरुसलेमजवळ एका जुन्या थडग्यात अस्थी ठेवायची दगडी पेटी सापडली. तिच्यावर येहोहानान हे नाव कोरलेलं होतं. आत त्याच्या टाचेचं हाड होतं आणि त्या हाडातून आरपार गेलेला लोखंडी खिळा, साडेअकरा सेंटीमीटरचा. खिळ्याचं टोक वाकलेलं. लाकडाच्या गाठीवर आपटून ते वाकलं असावं, असं अभ्यासकांना वाटतं. वाकल्यामुळे तो उपसता आला नाही आणि हाडातच राहिला. त्या खिळ्याचं चित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या मनात आली ती त्याची आई किंवा भाऊ. कुणीतरी त्याला खाली उतरवलं, पायात रुतलेल्या खिळ्यासकट घरच्या थडग्यात नेलं, मांस झडल्यावर हाडं गोळा करून पेटीत ठेवली आणि वर नाव कोरून घेतलं. राज्याने ज्याचा तमाशा केला त्याला घरच्यांनी पुन्हा नाव दिलं. येशूच्या शेजारी दोघे टांगले होते, त्यांनाही असं कुणी उतरवून नेलं असेल का, हा विचार दर वर्षी या दिवशी मनात येतो.

वेदनेबद्दल आमच्या चर्चमध्ये आणि बाहेरही एक गोष्ट फार सहज बोलली जाते, आणि ती ऐकली की माझ्या जिवाचा संताप होतो. दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याची बायको रडत आली की तिला सांगायचं, बाई, हा तुझा क्रूस आहे, वाहा. मी असं सांगताना ऐकलं आहे, तेही भल्या माणसांच्या तोंडून. मला हे क्रूसाची विटंबना वाटते. आपला क्रूस उचलून माझ्यामागे या, असं येशूने म्हटलं हे खरं, पण ते स्वतःच्या खांद्याबद्दल आहे. दुसऱ्याच्या खांद्यावर क्रूस ठेवणारे त्या कथेत आहेत आणि ते शिपाई आहेत. येशूला स्वतःला वेदनेची आवड नव्हती. आदल्या रात्री गेथशेमानीच्या बागेत तो जमिनीवर पालथा पडून विनवत होता की हा पेला माझ्यापासून दूर होवो. क्रूसावर तर देवाने मला टाकलं असा आक्रोश त्याने केला. चार शुभवर्तमानांपैकी दोघांनी तो आक्रोश त्याच्या मायबोलीत, अरामी भाषेत, जसाच्या तसा राखून ठेवला आहे. आम्हाला तोंड दाबून सोसायला शिकवणाऱ्यांनी तो आक्रोश जरा थांबून ऐकावा.

या सगळ्या वाटेवर मला सगळ्यात जवळचा वाटतो तो शिमोन. कुरेने गावचा हा माणूस शेतावरून येत होता, असं मार्क सांगतो. त्याचा या प्रकरणाशी काही संबंध नाही. शिपायांनी त्याला वाटेत धरलं आणि क्रूसाचं ओझं त्याच्या खांद्यावर दिलं. क्रूसाच्या वाटेच्या चौदा मुक्कामांतला हा पाचवा. आमच्याकडे ही भक्ती उपासकाळातल्या दर शुक्रवारी होते, उन्हं कलली की चढणीवरून एकेक लाकडी खुणेपाशी गुडघे टेकत. पाचव्या मुक्कामाला पायांखाली खडी येते आणि गुडघ्याला लागते. त्या माणसाला कुणी विचारलं नाही, त्याने होकार दिला नाही, त्याला काही समजलंही नसेल. घरी जायला उशीर झाला एवढंच त्याच्या मनात असेल. पण मार्क त्याच्या दोन मुलांची नावं लिहितो, आलेक्सांद्र आणि रूफ. म्हणजे ज्यांच्यासाठी तो लिहीत होता त्यांना ती मुलं ठाऊक असावीत. त्या दिवशी घरी गेल्यावर शिमोनाने मुलांना काय सांगितलं असेल? दुःखाला अर्थ शोधणारी माणसं पुष्कळ असतात. मला तो शेतकरी पुरतो. त्याने अर्थ सांगितला नाही, थोडं अंतर ओझं उचललं.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यावरून गेलं तेव्हा माड मुळासकट आडवे झाले, छपरं उडाली, कित्येक दिवस वीज नव्हती. त्यात आमच्या पडवीवर पडलेला माड कापायला जी माणसं आली त्यांतल्या निम्म्यांची स्वतःची कौलं जागेवर नव्हती. तेही कुणी बोलावून आले नव्हते.

आता क्षमेकडे येते. ते वाक्य सगळ्यांना पाठ आहे. ज्यांनी खिळे ठोकले त्यांच्यासाठी येशू पित्याकडे क्षमा मागतो, ते काय करताहेत हे त्यांना कळत नाही म्हणून. चारही शुभवर्तमानांत ते फक्त लूकमध्ये, तेविसाव्या अध्यायात आहे. आणि लूकच्याही काही अतिशय जुन्या हस्तलिखितांत ते नाही. चौथ्या शतकातल्या व्हॅटिकन हस्तलिखितात नाही. त्याच शतकातल्या सिनाई हस्तलिखितात आहे, पण त्याची गोष्ट विलक्षण आहे. मूळ लेखनिकाने ते लिहिलं. नंतर कुणी दुरुस्ती करणाऱ्याने ते गाळावं अशा खुणा त्याच्याभोवती केल्या. त्यानंतर आणखी कुणी आलं आणि त्या खुणा पुसून टाकल्या. हे वाक्य मुळातच नव्हतं आणि मागाहून घातलं गेलं, असं काही विद्वान मानतात. काही म्हणतात, ते होतंच, पण मारेकऱ्यांना अशी सरसकट माफी मिळावी हे नकलणाऱ्यांना सोसलं नाही म्हणून काढलं गेलं. निवाडा करण्याचा माझा अधिकार नाही. पण माझं मन त्या चर्मपत्राच्या पानाशी घुटमळतं. एक हात लिहितो, दुसरा नको म्हणतो, तिसरा पुन्हा राहू दे म्हणतो. क्षमेच्या बाबतीत माणसाच्या मनात जे चालतं ते सगळं त्या एका पानावर शाईने घडून गेलं आहे.

या वाक्यातली एक गोष्ट मला फार उशिरा दिसली, पण दिसल्यापासून मी तिला धरून आहे. येशू त्या शिपायांना, मी तुम्हाला क्षमा केली, असं म्हणत नाही. तो त्यांच्याशी बोलतच नाही, पित्याशी बोलतो. त्यांच्या वतीने मागणं मागतो. एरवी तो स्वतः क्षमा करायचा. पक्षाघात झालेल्या माणसाला खाटेसकट छपरातून खाली सोडलं तेव्हा त्याने सरळ सांगितलं की तुझ्या पापांची क्षमा झाली आहे, आणि त्यावरून केवढा गदारोळ झाला. क्रूसावर मात्र तसं नाही. हात खिळलेले, श्वास अपुरा, आणि तिथून तो फक्त मागतो.

आमच्या मुलखात या बोलण्याचा प्रकार सगळ्यांच्या ओळखीचा आहे. देवळात गावकर उभा राहून गाऱ्हाणं घालतो. देवाला हाक मारून गावाच्या वतीने बोलतो, घराघरातलं सांगतो, कुणाचं काही चुकलंमाकलं असेल ते पोटात घाल म्हणतो, आणि मागे उभे असलेले सगळे दर वाक्याला म्हणतात, व्हय म्हाराजा. आम्ही ख्रिस्ती असलो तरी हा आवाज आमच्या कानात जन्मापासून आहे. शेजारच्या घरी नवी होडी पाण्यात लोटताना, लग्नाला निघताना, आम्ही तिथे उभे असतोच. मला क्रूसावरचं ते वाक्य गाऱ्हाणंच वाटतं. घालणारा खिळलेला आहे, ज्यांच्यासाठी घालतो ते खाली त्याच्या कपड्यांवर चिठ्ठ्या टाकताहेत, आणि मागे व्हय म्हाराजा म्हणायला कुणी नाही. ते म्हणायचं काम मागाहून येणाऱ्यांवर राहिलं.

असं पाहिलं की एक मोठा गुंता सुटतो. ज्याला क्षमा करणं जमत नाही त्याला क्षमा कर म्हणून सांगण्यात क्रूरपणा आहे. ज्या बाईचं पोर कुणाच्या निष्काळजीपणाने गेलं तिला कोणत्या तोंडाने सांगायचं? तिच्यापाशी क्षमा नसेल. पण जे आपल्यापाशी नाही ते पित्याकडे मागता येतं. आजीचं असं एक माणूस होतं, कोण ते मी लिहिणार नाही. त्याचं नाव निघालं की ती क्रूसाकडे बघून म्हणायची, माका जमाचा नाय, तूच काय ता बघ. मला तेव्हा ही पळवाट वाटायची. आता वाटतं, त्या माणसाला तिने क्रूसाखाली नेऊन उभं केलं होतं, आणि स्वतः त्याच्या शेजारी उभी राहिली होती. ज्याच्यावर राग आहे त्याला तिथवर नेणं सोपं नाही. त्याला नरकात जाऊ दे म्हणणं सोपं आहे.

याच कथेचं मराठीत केवढं मोठं काव्य झालं आहे! फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला. त्याचं ख्रिस्तपुराण रायतूरला १६१६ मध्ये छापलं गेलं, रोमन लिपीत, पण मराठी ओव्यांत, कोकणी शब्दांच्या संगतीने. सतराव्या शतकात त्याच्या तीन आवृत्त्या निघाल्या. त्यातली एकही प्रत आज हाती नाही. मागे राहिलेल्या हस्तलिखितांवरून १९०७ साली मंगळुरात ते पुन्हा छापलं गेलं. शाळेत आपण त्यातली मराठीची स्तुती शिकतो आणि तिथेच थांबतो. ज्या वधस्तंभाकडे ते सगळं पुराण चाललं आहे तिथवर फार थोडे जातात, याची मला खंत आहे. भाषेचं कौतुक करून घेऊन आपण कवीला वाटेतच निरोप देतो.

स्टीफन्स काय पाहत ते लिहीत होता, हेही विसरू नये. तो आला त्याच्या पुढच्याच वर्षी, १५८० मध्ये, गोव्याच्या धर्मसभेने, म्हणजे इन्क्विझिशनने, गार्सिया द ओर्ता या वैद्याची हाडं थडग्यातून उकरून जाळली. आपल्या वनस्पती आणि औषधांवर थोर ग्रंथ लिहिणारा हा माणूस मरून बारा वर्षं झाली होती. गुन्हा एवढाच की तो मनातून यहुदी राहिला. त्याच्या बहिणीला, कातारिनाला, १५६९ मध्ये जिवंतपणीच जाळलं होतं. यहुदी असलेल्या येशूच्या क्रूसाखाली हे झालं. पुढे जुलै १५८३ मध्ये साष्टीतल्या कुंकळ्ळीला रुदोल्फ आक्वाविवा आणि त्याचे चार सोबती, सगळे स्टीफन्सच्याच संघाचे, गावकऱ्यांच्या हातून मारले गेले. गावकऱ्यांची देवळं मोडली, जाळली गेली होती, त्याचा तो उद्रेक. मग पोर्तुगिजांनी गावच्या प्रमुखांना बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि ठार केलं. सांगतात की एक तेवढा नदीत उडी टाकून निसटला. पाच जेझुइटांना १८९३ मध्ये पोपने धन्य घोषित केलं. मारल्या गेलेल्या प्रमुखांचंही स्मारक आज कुंकळ्ळीत आहे. दोन्हींपुढे डोकं टेकावं असं मला वाटतं, आणि एकापुढे टेकताना दुसऱ्याकडे पाठ होऊ नये असंही.

गोव्याची धर्मसभा १५६० पासून, मधली थोडी वर्षं सोडली तर, १८१२ पर्यंत चालली. तिच्या आणि पोर्तुगीज सत्तेच्या जाचाला कंटाळून पुष्कळ माणसं तेरेखोल ओलांडून सावंतवाडीच्या मुलखात आली. हिंदू आलेच, ख्रिस्तीही आले. आमच्यातल्या कित्येक घरांची मुळं तिथे आहेत. म्हणजे क्रूस मानणारी माणसं क्रूस मिरवणाऱ्यांपासून पळून इथे आली, आणि इथल्या हिंदू राजाच्या राज्यात त्यांनी चिऱ्याचा क्रूस उभा केला. तो उभा राहू दिला गेला. १२ मार्च २००० रोजी, उपासकाळाच्या पहिल्या रविवारी, पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये चर्चच्या लेकरांनी केलेल्या पापांची जाहीर क्षमा मागितली. सत्याच्या नावाखाली केलेल्या जुलमाची, यहुद्यांच्या छळाची. उशीर फार झाला. तरी क्षमा करण्याच्या गोष्टी दोन हजार वर्षं सांगणाऱ्यांनी एकदा गुडघे टेकून ती मागितली, याचं मोल मी कमी करणार नाही.

या कथेचं दुसरं मराठी काव्य ख्रिस्तायन. ते नारायण वामन टिळकांनी आरंभलं. त्यांच्या हातून सुरुवातीचे थोडे अध्याय झाले, १९१९ मध्ये ते गेले, आणि पुढचा भार त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पेलला. म्हणजे क्रूस लिहिण्याची पाळी त्यांच्यावर आली. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला ती बातमी ऐकून ज्या बाईचा संसार एका क्षणात उन्मळून पडला, जिने विरहाची वर्षं काढली, आणि जी मग आपल्या पायांनी त्याच वाटेवर आली, तीच ही. त्यांचं आत्मचरित्र स्मृतिचित्रे ज्यांनी वाचलं आहे त्यांना ठाऊक आहे की आपलं सोसणं सांगताना त्या कधी थोरवीचा आव आणत नाहीत आणि नवऱ्याचे दोषही झाकत नाहीत. माझ्या मते क्षमेचं मराठीतलं सगळ्यात खरं पुस्तक ते आहे, जरी त्यात त्या विषयावर उपदेश कुठेच नसला तरी.

आमच्या घरातली गोष्ट याहून फार लहान आहे. पपांचं आणि थोरल्या काकांचं बोलणं नव्हतं. कोकणात हे काही नवल नाही. सातबारा सामायिक, मधे गडगा, गडग्याच्या कडेने पाणंद आणि पाणंदीला लागून काही माड. ते माड कोणाचे, यावरून कज्जा कोर्टात गेला आणि तिथेच राहिला. चर्चमध्ये दोघे दोन बाजूंच्या बाकांवर बसायचे आणि एकाच रांगेत क्रूसाच्या पायांचं चुंबन घ्यायला जायचे. आधी कोण उठतो ते बघून दुसरा थांबायचा.

घरी मात्र रोज संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळ, व्हायची. पुढाकार पपांचा. माळ संपली की जास्तीचे आमच्या बापा असायचे. मेलेल्यांसाठी एक, आजाऱ्यांसाठी एक, दर्यावर असलेल्यांसाठी एक. आणि शेवटी पपा खाली बघत म्हणायचे, एक थोरल्याच्या घरासाठी. ही प्रार्थना दोन भागांत म्हणतात. पहिला अर्धा भाग पुढाऱ्याने म्हणायचा, उरलेला बाकीच्यांनी. आम्ही जशी दुसऱ्यांना क्षमा करतो तशी आम्हाला कर, हे मागणं दुसऱ्या अर्ध्यात येतं. म्हणजे आमच्या घरात पपांच्या वाट्याला ते शब्द कधीच आले नाहीत. पित्याचं नाव, त्याचं राज्य आणि त्याची इच्छा एवढं ते म्हणायचे. काकांना क्षमा करण्याचे शब्द आई, मी आणि धाकटा भाऊ म्हणायचो, जांभया देत, भुकेने पोटात कावळे ओरडत असताना. ते मुद्दाम तसं करत होते असं मी म्हणत नाही, माळेची रीतच तशी आहे. पण पुढाकार दुसऱ्या कुणाकडे द्यायचं त्यांनी कधी मनावर घेतलं नाही, आणि थोरल्याच्या घरासाठीची ती प्रार्थना एकही संध्याकाळ चुकवली नाही.

पपा गेले, त्यानंतर काकाही गेले. काकांच्या मुलाला मी मागच्या उपासकाळात हे सगळं सांगितलं. आमच्या पडवीत बसला होता. मला वाटलं होतं, त्याला बरं वाटेल. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, मगे काकान केस मागे कित्याक घेवक नाय?

त्याचा प्रश्न खरा आहे. जक्कय नावाचा कर घेणारा झाडावरून खाली उतरला तेव्हा त्याने येशूपुढे नुसते अश्रू ढाळले नाहीत. ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत देतो म्हणाला, आणि येशूने त्याला नको म्हटलं नाही. पित्याकडे क्षमा मागणारा क्रूसावर होता, पण त्याच्या नावे कुणाचे माड नव्हते. गाऱ्हाणं घालून झाल्यावर गावकरालाही देवळातून खाली उतरून शेजाऱ्याच्या बांधावर जावंच लागतं. पपा अर्धी वाट चालले, आणि ती अर्धी माझ्या मते फार अवघड होती. उरलेली अर्धी चालले नाहीत. त्यांच्या प्रार्थनेला मी खोटी म्हणणार नाही, आणि तिने भावाचं देणं फिटलं असंही म्हणणार नाही.

मोजणीचा अर्ज आता आम्ही दोघांनी मिळून केला आहे. पावसाआधी मोजणीदार येईल. ते माड त्याच्या हद्दीत निघाले तर माझा काही दावा नाही, हे मी त्याला आधीच सांगून टाकलं. इतकी वर्षं आम्ही उतरवलेल्या नारळांचा विषय त्याने काढला नाही. तो मलाच काढावा लागणार आहे.